हेझन सरोवर: पाणी आजही बर्फगार, पण सरोवर पूर्वीचं राहिलेलं नाही

कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, हेझन नावाचं एक सरोवर आहे. अक्षांश सुमारे ८१.८ उत्तर, उत्तर ध्रुव तिथून नऊशे-एक किलोमीटरवर. लांबी सत्तर किलोमीटरच्या आसपास, क्षेत्रफळ ५४० चौरस किलोमीटरांच्या घरात आणि सर्वांत खोल जागी खोली २६७ मीटर. उच्च आर्क्टिक प्रदेशात एवढं पाणी साठवणारं दुसरं सरोवर नाही. काठावर गाव नाही, शेत नाही, कारखाना नाही, धरण नाही. उन्हाळ्यात संशोधकांची छोटी छावणी, राष्ट्रीय उद्यानाचे काही कर्मचारी आणि मोजके पर्यटक, एवढीच काय ती माणसांची ये-जा.

हवामानबदलाचं उदाहरण म्हणून हेझन निवडायचं पहिलं कारण हेच. इतर बहुतेक सरोवरांत सांडपाणी, खतं, बाहेरून आणून सोडलेले मासे, पाण्याचा उपसा अशा अनेक गोष्टी एकाच वेळी चालू असतात. तिथे बदल दिसला, तरी त्यात हवामानाचा वाटा किती हे सांगताना फार जपून बोलावं लागतं. हेझनमध्ये ही गुंतागुंत जवळजवळ नाहीच.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. हवामानबदलाचा सरोवरांवर होणारा परिणाम म्हटलं की हवा तापली, पाणी तापलं, शेवाळ माजलं अशी एक सरळ साखळी आपण मनाशी धरून चालतो. हेझनमध्ये तसं घडलेलं नाही. भर उन्हाळ्यातही तिथल्या खुल्या पाण्याचं तापमान चार अंशांच्या आसपासच घुटमळतं. तरीही इगोर लेनहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या शोधपत्रिकेत निष्कर्ष मांडला की हे सरोवर आज ज्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेत ते गेल्या सुमारे तीनशे वर्षांत कधीच नव्हतं. ह्याच्या मुळाशी असलेली उन्हाळी हवेच्या तापमानातली वाढ होती जेमतेम एक अंश सेल्सिअस.

हा एक अंश सरोवरात पाणी तापवून शिरला नाही. तो डोंगरावरच्या बर्फातून, नद्यांतून आणि गाळातून शिरला. ह्या प्रकरणात खरी दखल घ्यावी अशी गोष्ट हीच आहे, आणि म्हणून पुढचं सगळं विवेचन सरोवराच्या काठावर न थांबता त्याच्या पूर्ण पाणलोटाचं आहे.

जागा आणि जुन्या नोंदी

हेझनचं पाणलोट क्षेत्र सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला जवळजवळ दोन पंचमांश भाग हिमनद्यांखाली आहे. उत्तरेला ग्रँट लँडच्या डोंगररांगा आणि त्यांच्यावर पसरलेलं विस्तीर्ण बर्फक्षेत्र. तिथून गिलमन, हेन्रिएटा नेस्मिथ अशा हिमनद्या सरोवराच्या दिशेने उतरतात. दक्षिणेला हेझन पठार. बाहेर पडणारी नदी एकच, रगल्स. ती पुढे चँडलर फिओर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, समुद्राला मिळते. आभाळातून पडणारं पाणी इतकं कमी की हा प्रदेश ध्रुवीय वाळवंटात मोडतो. त्यामुळे सरोवराचा जमाखर्च त्या वर्षीच्या हिमवर्षावापेक्षा डोंगरावर शतकानुशतकं साठून राहिलेल्या बर्फावर अवलंबून आहे. हे एकदा लक्षात घेतलं की पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात.

ह्या सरोवराची लेखी नोंद १८८२ सालची. पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षासाठी आलेल्या अमेरिकी मोहिमेचे प्रमुख अडॉल्फस ग्रीली इथवर पोचले आणि आपले वरिष्ठ जनरल विल्यम हेझन यांचं नाव त्यांनी सरोवराला दिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तरेकडचे मूळ रहिवासी इथे येत-जात होते. त्यांच्या वस्त्यांच्या खुणा काठाने आजही सापडतात.

विज्ञानाच्या दृष्टीने मोलाचं वर्ष मात्र १९५७-५८. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाने 'ऑपरेशन हेझन' ही मोहीम काढली. एका तुकडीने पूर्ण हिवाळा सरोवराकाठी काढला. हवा, सरोवरावरचं बर्फ, गिलमन हिमनदीची वाढ-घट, वनस्पती, प्राणी, जे मोजता येण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी मोजून ठेवलं. मागे जाऊन ताडून पाहावं असा भक्कम पाया ह्या अक्षांशावर सहसा मिळत नाही. आजच्या संशोधकांना 'पूर्वी कसं होतं' ह्याचं उत्तर अंदाजाने द्यावं लागत नाही, त्यामागे त्या तुकडीचे कष्ट आहेत.

त्या काळच्या आणि नंतरच्या अभ्यासांतून सरोवराचं अन्नजाळं कसं आहे तेही कळलं. ते अत्यंत तुटपुंजं आहे. पाण्यात पोषकद्रव्यं नगण्य, त्यामुळे सूक्ष्म शैवाल विरळ. खुल्या पाण्यातल्या प्राणिप्लवकांत, म्हणजे तरंगत राहणाऱ्या बारीक प्राण्यांत, सायक्लॉप्स स्कुटिफर नावाचा चिमुकला कवचधारी जीव प्रमुख. तळाशी आणि काठालगत कायरोनॉमिड नावाच्या डासासारख्या कीटकांच्या अळ्या. आणि सर्वांत वर मासा एकच, 'आर्क्टिक चार' नावाचा. हा सामन माशाच्या कुळातला. इथला चार मासा समुद्रात जात नाही, जन्मभर सरोवरातच राहतो. एवढ्या आखूड साखळीत एक कडी हलली की वरच्या कडीला ते लपवायला जागा नसते.

एका अंशाचं दहापट कसं झालं

शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी ऐंशी अंशांनी तापलं असतं. म्हणजे बर्फ समोर असेपर्यंत येणारी जादा उष्णता वितळण्यातच खर्ची पडते आणि पाण्याचा थर्मामीटर जवळपास जागचा हलत नाही. 'सरोवर अजून थंडच आहे, मग बिघडलं काय?' ह्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. उष्णता आलेली आहे. ती पाण्याच्या तापमानाऐवजी पाण्याच्या प्रमाणात दिसते.

उरलेलं अर्धं उत्तर हिमनदीच्या पृष्ठभागावर आहे. ताजं हिम पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवून लावतं. ते वितळून खालचा जुना, मळकट बर्फ उघडा पडला की परतणारा प्रकाश निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. उन्हाळा थोडा उबदार झाला तर हिमाचा थर आठवडाभर आधी जातो आणि उघडा बर्फ तेवढे दिवस जास्त ऊन खातो. ह्या अक्षांशावर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेव्हा ते ऊन चोवीस तासांचं असतं. शिवाय ज्या उंचीखाली वर्षभरात साठण्यापेक्षा वितळणं जास्त होतं ती सीमारेषा वर सरकते. उभ्या कड्यावर रेषा शंभर मीटर वर सरकली तर फारसं क्षेत्र वितळणाऱ्या बाजूला येत नाही. पण पसरट बर्फक्षेत्रावर तीच रेषा कित्येक चौरस किलोमीटर एकदम खुले करते. एल्समिअरवरची बर्फक्षेत्रं पसरटच आहेत.

कॅनडाच्या आर्क्टिक द्वीपसमूहातल्या हिमनद्यांचं मोजमाप हेच सांगतं. २००४ ते २००६ ह्या काळात तिथून वर्षाला सरासरी ३१ अब्ज टन बर्फ घटत होता; २००७ ते २००९ मध्ये हा आकडा ९२ अब्ज टनांवर गेला. तीनच वर्षांत तिप्पट. हेझनच्या पाणलोटातही वळण आलं ते २००७च्याच सुमारास. त्यानंतर हिमनद्यांकडून सरोवरात येणारं पाणी आधीच्या दशकांच्या तुलनेत सुमारे दहापट झालं. पाण्याबरोबर गाळ आणि सेंद्रिय कार्बनही त्याच पटीत वाढले. जमिनीचा जो वरचा थर दर उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात पुन्हा गोठतो, तोही खोलवर गेला.

ह्याचा सरोवराच्या अंगी लागलेला पहिला परिणाम म्हणजे पाण्याचा मुक्काम. सरोवरात आलेला पाण्याचा थेंब रगल्स नदीवाटे बाहेर पडेपर्यंत सरासरी किती काळ आत राहतो, ह्याला निवासकाल म्हणतात. तो ८९ वर्षांवरून २५ वर्षांवर आला; म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त घट. ८९ वर्षं म्हणजे माणसाचं एक भरपूर आयुष्य. एवढ्या काळात विरघळलेले पदार्थ सावकाश वापरले जातात, कण तळाला बसतात, जिवाणू आपलं काम करतात. २५ वर्षांत ह्यातलं बरंच अर्धवट राहून पुढे समुद्राकडे जातं. ज्या सरोवरात सगळं संथपणे चालायचं, त्याची चालच बदलली.

पोषण आलं, पण थेट तळाला गेलं

आता ह्या प्रकरणातला सर्वांत अनपेक्षित भाग. माझ्या मते हेझनचं नाव घेताना हाच सगळ्यांत आधी सांगायला हवा.

हिमनदी खडक घासत पुढे सरकते. त्या घर्षणातून पिठासारखा बारीक गाळ तयार होतो आणि वितळलेल्या पाण्याबरोबर वाहून येतो. ह्या गाळात फॉस्फरस असतो, लोह असतं; पाण्यात नायट्रेटही असतं. हेझनमध्ये दरवर्षी येणाऱ्या विरघळलेल्या पोषकद्रव्यांपैकी ६२ ते ९८ टक्के वाटा हिमनद्यांच्या पाण्याचा निघाला. द्रव्य कोणतं आणि वर्ष कोणतं, त्याप्रमाणे आकडा बदलतो. कायरा सेंट पिएर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा हिशेब आहे. मग साहजिकच असं वाटेल की उपाशी सरोवराला अन्न मिळालं, आता शैवाल वाढेल, त्यावर प्लवक वाढतील, माशांचीही चंगळ होईल.

तसं होत नाही, कारण पाण्याच्या घनतेला स्वतःचे नियम आहेत. गोडं पाणी सर्वांत जड असतं ते सुमारे ४ अंशांवर. शून्याच्या जवळचं पाणी त्याहून किंचित हलकं, म्हणून हिमनदीचं निव्वळ पाणी असतं तर ते वर पसरलं असतं. पण ह्या पाण्यात गाळाचा भार आहे, आणि तो भार तापमानातल्या फरकाने आलेला हलकेपणा सहज पुसून टाकतो. असा गढूळ प्रवाह संथ पाण्याला भिडतो, तेव्हा मुखापासून थोडं अंतर पृष्ठभागावर दिसतो आणि मग एका ठिकाणी खाली बुडतो. एका बाजूला मळकट, दुसऱ्या बाजूला स्वच्छ पाणी अशी सीमा उघड्या डोळ्यांनी दिसते. तिथून पुढे प्रवाह तळाच्या उतारावरून सरोवराच्या पोटात घसरत जातो. हेझनमध्ये ही घसरण दोनशे मीटरहून खोल जाते.

प्रकाशसंश्लेषण होतं ते वरच्या प्रकाशित थरात. पोषकद्रव्यांचा मोठा हिस्सा मात्र विरघळलेला नसून गाळाच्या कणांना चिकटलेला असतो आणि कणांबरोबर तो प्रकाशित थर ओलांडून थेट अंधारात जातो. शैवालाच्या तोंडाशी घास येतच नाही. पाणलोटातून येणारी आवक कितीतरी पटीने वाढूनही सरोवराचा पोषणदारिद्र्याचा स्वभाव सुटला नाही. सेंट पिएर यांच्या गटाचा निष्कर्ष तर असा की तो उलट अधिक घट्ट झाला. प्रयोगशाळेत हिमनदीचं पाणी बाटलीत घेऊन त्यात शैवाल वाढवलं तर कदाचित छान वाढेल. पण बाटलीला उतार नसतो आणि दोनशे मीटरची खोलीही नसते. सरोवराचा आकार आणि प्रवाहाची वाट सोडून केवळ रसायनं मोजली तर निष्कर्ष सपशेल उलटा निघण्याचा धोका इथे दिसतो.

प्राणवायूच्या बाबतीतही हेझन ठरलेल्या अपेक्षेला छेद देतं. समशीतोष्ण प्रदेशातल्या सरोवरांत काळजी असते ती अशी की उन्हाळा लांबला की वरचं पाणी तापून हलकं होतं, वरचे आणि खालचे थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. हेझनमध्ये खाली बुडणारे गढूळ प्रवाह आपल्याबरोबर नदीच्या खळाळत्या पाण्यातला प्राणवायू घेऊन जातात. जास्त वितळ म्हणजे तळाला जास्त प्राणवायू. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण त्याच्यासोबत गाळाचा मारा आहे. तळावर जगणाऱ्यांसाठी जमीनच दर उन्हाळ्यात नव्याने लिंपली जाते. तळाच्या चिखलातल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए तपासणाऱ्या २०२० सालच्या एका अभ्यासात, हिमनदीचं पाणी जिथे जास्त येतं त्या जागी जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव) यांची विविधता कमी आढळली. प्राणवायू वाढला म्हणून जीवन बहरलं, असं सरळ समीकरण इथे लागू पडत नाही.

बर्फाचं झाकण आणि काचेची कवचं

हेझनवर हिवाळ्यात दोन मीटरच्या आसपास जाडीचा बर्फ धरतो. पूर्वी काही उन्हाळ्यांत तो पूर्ण वितळायचाच नाही. काठालगत पाण्याचा पट्टा उघडा व्हायचा आणि मध्ये बर्फाचा मोठा तुकडा पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच राहायचा. आता उन्हाळ्यात सरोवर संपूर्ण मोकळं होणं ही जवळजवळ खात्रीची गोष्ट झाली आहे.

ह्याचा अर्थ समजायला डायटमकडे जावं लागतं. डायटम म्हणजे सिलिकाचं, थोडक्यात काचेचं कवच असलेलं एकपेशीय शैवाल. प्रत्येक जातीच्या कवचावरची नक्षी वेगळी, आणि पेशी मेली तरी कवच तळाच्या गाळात शाबूत राहतं. तळात नळी खुपसून गाळाचा दंडगोल वर काढायचा, त्याचे काही मिलिमीटर जाडीचे काप करायचे, प्रत्येक कापातल्या किरणोत्सारी शिसे-२१० वरून तो किती वर्षांपूर्वी साचला ते ठरवायचं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कवचं ओळखत, मोजत बसायचं. कंटाळवाणं काम आहे. पण जिथे कोणीही निरीक्षक नव्हता त्या काळातलं सरोवर पाहण्याचा ह्याच्याइतका विश्वासू मार्ग नाही. हेझनमध्ये ह्याच मार्गाने सुमारे तीनशे वर्षं मागे जाता आलं.

खालच्या कापांत, म्हणजे जुन्या काळात, डायटम होते ते काठालगतच्या उथळ तळावर, दगडांना आणि चिखलाला धरून राहणारे. मध्यभागी बर्फ असताना प्रकाश आणि मोकळं पाणी मिळायचं ते फक्त काठाच्या पट्ट्यात, त्यामुळे वस्ती तिथेच. वरच्या कापांत, अगदी अलीकडच्या काळात, चित्र पालटतं आणि खुल्या पाण्यात तरंगणाऱ्या जाती पुढे येतात. झाकण गेलं, म्हणून मधलं पाणी राहण्याजोगं झालं. असे पालट आर्क्टिकमधल्या इतरही अनेक तळ्यांच्या गाळात सापडलेले आहेत. कॅनडाचे जॉन स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अशा ५५ गाळनोंदी एकत्र मांडून दाखवल्या होत्या. पण ती बहुतेक लहान, उथळ तळी होती. इतकं प्रचंड, इतकं खोल, इतकं थंड सरोवर बदलायला खूप वेळ घेईल, त्याच्या आकारमानातच त्याचं संरक्षण आहे, असा एक समज होता. हेझनच्या डायटमांनी तो खोटा ठरवला.

एकच मासा, आणि तोही उतरला

माशाची तब्येत मोजायची जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे लांबीच्या मानाने वजन पाहणं. ग्रॅममधल्या वजनाला शंभराने गुणायचं आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचं. समजा, ४० सेंटिमीटरचा मासा ६४० ग्रॅम भरला, तर अंक येतो १. तेवढ्याच लांबीचा दुसरा ५१२ ग्रॅम भरला, तर ०.८. दोघे पट्टीवर सारखेच दिसतात, पण दुसऱ्याच्या पाठीवर मांस कमी, पोटात चरबी कमी. आर्क्टिकमध्ये ही चरबी म्हणजे हिवाळ्याची शिदोरी. प्रजननाला लागणारी ताकदही त्यातूनच येते. चार मासा सावकाश वाढतो, दीर्घकाळ जगतो. त्याचं अंग उतरलं तर त्यामागे एखाद्या वाईट आठवड्यापेक्षा लांबलेली ओढाताण असण्याचीच शक्यता जास्त.

लेनहेर यांच्या गटाने जुन्या आणि नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा हेझनच्या आर्क्टिक चार माशांची शारीरिक अवस्था लक्षणीयरीत्या खालावलेली निघाली. संपूर्ण अभ्यासात मला सर्वांत अस्वस्थ करणारी ओळ हीच वाटते. बर्फ, पाणी, गाळ, शैवाल ह्यांत बदल होतोय हे एक वेळ अपेक्षित होतं. पण तो साखळीच्या शेंड्यापर्यंत पोचला होता.

कारण कोणतं, ह्यावर मात्र ठाम विधान करताना हात आखडता घ्यायला हवा. वितळपाणी किती वाढलं, निवासकाल किती घटला, डायटम कसे बदलले, ह्यांचे धागे स्वतंत्रपणे जुळतात आणि एकमेकांना बळ देतात. मासा आणि वितळ ह्यांच्यामधली कडी त्या मानाने सैल आहे. चार मासा मुख्यत्वे डोळ्यांनी भक्ष्य शोधतो, आणि काठालगतच्या अळ्या त्याचं मोठं खाद्य आहेत. नदीमुखांपाशी पाणी गढूळ झालं तर शिकार कठीण होते. उत्पादन काठावरून खुल्या पाण्याकडे सरकलं तर काठावर अवलंबून असलेल्याचं ताट रिकामं होतं. दोन्ही स्पष्टीकरणं पटण्यासारखी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. १९५७-५८च्या मोहिमेने बर्फाइतक्याच बारकाईने माशांचीही दर वर्षी मोजदाद चालू ठेवण्याची व्यवस्था लावली असती, तर आज हा प्रश्न बराचसा सुटला असता.

बर्फातून बाहेर येणारं जुनं विष, आणि इतर काही

विसाव्या शतकात जगभर वापरली गेलेली कीटकनाशकं, पीसीबीसारखी औद्योगिक रसायनं आणि कोळशाच्या धुरातला पारा हवेबरोबर आर्क्टिकला पोचला आणि हिमाबरोबर हिमनद्यांवर बसला. थरावर थर चढत गेले. त्यातल्या काही रसायनांवर नंतर बंदी आली, पण बर्फातला साठा तसाच होता. आता तो वितळून सरोवरात उतरतो आहे. त्याची आवकही पाण्याइतकीच वाढली. पाऱ्याचा बहुतांश भाग गाळाच्या कणांना धरून तळाला जातो, त्यामुळे सरोवर त्याचं एक मोठं कोठार बनलं आहे. समुद्राकडे जाणारं प्रमाण त्यामुळे कमी राहतं हे खरं. पण ज्यांनी हे विष कधी वापरलं नाही, त्यांच्या सरोवराच्या तळाशी ते दुसऱ्यांदा येऊन पडतंय, ह्यात कुठेतरी घोर अन्याय आहे, आणि तो म्हणून दाखवायला संकोच वाटू नये.

कार्बनच्या हिशेबातही एक वेगळी नोंद आहे. बहुतेक नद्या हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतात. हेझनला मिळणाऱ्या हिमनद्यांच्या प्रवाहांत सेंद्रिय पदार्थ फार थोडा आणि ताजी दळलेली खनिजं भरपूर. खनिजांच्या रासायनिक झिजेत कार्बन डायऑक्साइड खर्च होतो आणि हे प्रवाह हवेतून तो ओढून घेतात. ह्याचा अर्थ हिमनद्या वितळणं हवामानाला उपकारक आहे, असा कोणी लावू नये. असा प्रवाह वाहतो तोवरच ही क्रिया चालते, आणि जागतिक उत्सर्जनापुढे तिचा आकार अगदी लहान आहे.

हेझनचं नाव २०२२ मध्ये बातम्यांत आलं ते मात्र विषाणूंमुळे. तिथल्या गाळाच्या जनुकीय तपासणीवरून संशोधकांनी म्हटलं की वितळपाणी वाढतं तशी विषाणूंनी नव्या यजमानात शिरण्याची शक्यता वाढते. अनेक मथळ्यांनी त्यातून थेट पुढची महासाथ काढली. संशोधकांनी स्वतःच सांगितलं होतं की शक्यता वाढणं आणि प्रत्यक्ष तसं घडणं ह्यात मोठं अंतर आहे.

हेझन नंतर कुठे जाईल

ही अवस्था कायमची नाही. हिमनदी आक्रसताना आधी पाणी वाढत जातं, एका टप्प्यावर कमाल गाठतं आणि पुढे बर्फच कमी उरल्याने पाणी घटत जातं. लहान हिमनद्यांवर पोसलेल्या अनेक सरोवरांनी ही कमाल केव्हाच ओलांडली आहे. पाणलोटाचा दोन पंचमांश भाग अजून बर्फाखाली असलेल्या हेझनला तिथे पोचायला पुष्कळ अवधी आहे.

पुढच्या टप्प्याची कल्पना यावी म्हणून अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाकडे पाहता येतं. तिथल्या मास्कार्दी सरोवरात एका टोकाला ट्रोनाडोर पर्वतावरच्या हिमनदीचं गढूळ पाणी येतं आणि दुसऱ्या टोकापर्यंत जाताजाता ते निवळत जातं. एकाच सरोवरात गढूळपणाचे सगळे टप्पे ओळीने मांडलेले. गढूळ टोकाला प्रकाश कमी, म्हणून शैवालात कार्बनच्या मानाने फॉस्फरस जास्त. असं सकस खाद्य लागणारा डॅफ्निया हा चिमुकला कवचधारी प्लवक तिथे तग धरतो. स्वच्छ टोकाला प्रकाश भरपूर, शैवालात कार्बनचाच भरणा, आणि तिथे बोकेला नावाचा, सायक्लॉप्सच्याच गटातला (कोपेपॉड) जीव वरचढ ठरतो. हिमनदी संपून पाणी निवळलं की सरोवर जुन्या स्थितीला परतत नाही. प्रकाश आणि पोषण ह्यांचं प्रमाण पालटतं आणि अन्नाची प्रतच बदलते.

हेझनमध्ये डॅफ्निया-बोकेलासारखी जोडी नाही. खुल्या पाण्यातला मुख्य चरणारा एकच, सायक्लॉप्स, आणि त्याच्यावर मासा एकच. एकाची जागा दुसऱ्याने घ्यावी असा दुसरा इथे नाही. म्हणून पुढच्या काही दशकांत ह्या सरोवराकडे लक्ष ठेवताना मोजायला हव्यात अशा गोष्टी मला तरी स्पष्ट दिसतात. दर वर्षी माशांची लांबी, वजन आणि वय. गढूळ प्रवाह नेमके किती खोल जातात, आणि कमी वितळीच्या वर्षी तळाच्या प्राणवायूचं काय होतं. हिमनद्यांचा ताळेबंद. आणि रगल्स नदीतून समुद्राकडे काय जातं. ह्यांतली एकही गोष्ट पाण्याचं तापमान मोजून कळणारी नाही. उपग्रहाला सरोवरावरचा बर्फ दिसतो, नदीमुखाचा मळकटपणा दिसतो. दोनशे मीटर खाली काय चाललंय हे पाहायला मात्र माणसांना उपकरणं घेऊन तिथवर जावंच लागतं, आणि तिथवर जाणारं विमान महाग असतं. दीर्घकालीन नोंदी बंद पडतात त्या बहुधा ह्याच कारणाने. १९५७-५८च्या तुकडीने हिवाळाभर थांबून जे मिळवलं, त्याच्या पुढची पानं कोरी राहू नयेत एवढा खर्च कॅनडासारख्या देशाने करायलाच हवा.